विषारी दारू, अमली पदार्थ आणि पुरवठादाराचे फौजदारी उत्तरदायित्व : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र (१८६० ते २०२४)

प्रस्तावना

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी १६ जूनपासून मुंबई दारूबंदी अधिनियम अमलात आला. संस्थानी प्रजेला भारतीय नागरिकत्वाबरोबर लाभलेल्या पहिल्या काही कायद्यांपैकी हा एक होय. यानंतर बहात्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, याच जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी येथे मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने छापा घालून मेफेड्रोन तयार करणारा कारखाना उघडकीस आणला. 'एमडी' या दोन अक्षरांनी ओळखला जाणारा हा पदार्थ मुंबईत विकला जात होता आणि तो तयार होत होता काजूच्या आणि भाताच्या एका शांत तालुक्यात. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथेही असाच कारखाना सापडला.

या दोन्ही प्रकरणांत कायद्याने जे मोजले ते जप्त मालाचे वजन आणि त्याची बाजारातील किंमत. त्या मालामुळे कोठे, कोणाचा मृत्यू झाला हा प्रश्न तपासाच्या कक्षेत येत नाही, कारण तो विचारण्याची सोयच संबंधित कायद्यात नाही. याउलट विषारी दारूच्या प्रकरणांत तपासाची सुरुवातच मृतांच्या संख्येपासून होते. नशेचा पदार्थ पुरविणाऱ्यास त्यापासून घडलेल्या मृत्यूबद्दल जबाबदार धरावे काय, धरल्यास कोणत्या आधारावर, आणि साखळीतील नेमक्या कोणत्या हाताला, या प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राच्या विधिइतिहासात कशी घडत गेली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंचे खटले आपल्याकडे विरळा. म्हणून या शोधाचा मुख्य आधार विषारी दारूचा आणि भेसळयुक्त औषधांचा इतिहास हाच राहतो.

दंड संहितेची चौकट

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेला मसुदा १८६० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता अमलात आली. या संहितेत पुरवठादाराशी संबंध येणारी कलमे दोन ठिकाणी विखुरलेली होती. पहिला गट सार्वजनिक आरोग्यविषयक अपराधांचा. अन्नात, पेयात वा औषधात भेसळ करणे, विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा करणे या अपराधांना मूळ संहितेत सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची वा किरकोळ दंडाची शिक्षा होती. माणूस मेला काय किंवा जगला काय, या कलमांच्या दृष्टीने फरक पडत नव्हता. दुसरा गट मानवी जीविताविषयीच्या अपराधांचा. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या करताना हेतूबरोबरच 'जाणीव' हाही निकष स्वीकारला गेला. आपल्या कृत्याने मृत्यू घडून येण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना ते कृत्य करणारा मनुष्य, कोणाचाही जीव घेण्याची इच्छा नसली तरी, मनुष्यवधाचा दोषी ठरू शकतो. कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात त्यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. कलम ३२८ मध्ये इजा करण्याच्या हेतूने अथवा जाणिवेने विष वा गुंगी आणणारा पदार्थ देणे हा स्वतंत्र अपराध होता.

या दोन गटांमध्ये मोठी दरी होती. एकीकडे सहा महिने, दुसरीकडे दहा वर्षे किंवा फाशी. १८७० मध्ये कलम ३०४-अ घालून ती काही प्रमाणात बुजविण्यात आली. बेदरकार अथवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवून आणल्यास दोन वर्षांपर्यंतचा कारावास, असे या कलमाचे स्वरूप होते. पुढील शंभर वर्षे पुरवठादाराविषयीची बहुतेक न्यायालयीन चर्चा या एका कलमाभोवती फिरत राहिली, आणि ती मुख्यतः पुरवठादाराला सोडविणारी ठरली.

'साक्षात कारण' : १९०२ ते १९७२

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप खटल्यात कलम ३०४-अ चा अर्थ लावताना एक कसोटी घालून दिली. आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे साक्षात व निकटचे कारण असले पाहिजे. त्या कृत्याशिवाय मृत्यू घडला नसता एवढे दाखविणे पुरेसे नाही. मध्ये दुसऱ्या कोणाचा निष्काळजीपणा आला असेल तर साखळी तुटते, असा या कसोटीचा आशय होता. न्यायमूर्तींनी त्यासाठी लॅटिन संज्ञा योजिल्या आणि त्या भारतीय विधिग्रंथांत कायमच्या रुजल्या.

या कसोटीचे सामर्थ्य आणि मर्यादा १९६२ सालच्या दोन घटनांतून स्पष्ट होतात. एप्रिल १९६२ मध्ये मुंबईतील रंग व व्हार्निश तयार करणाऱ्या एका कारखान्यात आग लागून सात कामगार जळून मरण पावले. परवान्यात नसलेली, उघड्या बर्नरवर राळ वितळविण्याची पद्धत व्यवस्थापकाने तेथे चालू ठेवली होती. तथापि प्रत्यक्ष आग लागली ती एका कामगाराने टर्पेंटाइन घाईने ओतल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात जेन्किन्स यांची कसोटी जशीच्या तशी स्वीकारली आणि व्यवस्थापकाला मृत्यूंच्या आरोपातून मुक्त केले. अग्नीबाबतच्या निष्काळजीपणाची किरकोळ शिक्षा तेवढी कायम राहिली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये बडोद्याच्या एका औषध कारखान्यात तयार झालेल्या ग्लुकोज-सलाइनमध्ये शिशाचे क्षार मर्यादेपेक्षा अधिक प्रमाणात राहिले आणि ते शिरेतून दिलेले अनेक रुग्ण दगावले. कारखान्याच्या इंजेक्शन विभागाचा रसायनतज्ज्ञ अंबालाल भट्ट याने नियमाविरुद्ध वेगवेगळ्या घाण्यांना एकच बॅच क्रमांक दिला होता. तसे नसते तर प्रत्येक घाण्याची स्वतंत्र तपासणी होऊन दोष उघड झाला असता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही मुक्त केले. तपासणीची, मान्यतेची, वितरणाची जबाबदारी अनेकांवर होती. एका रसायनतज्ज्ञाची चूक हे मृत्यूचे साक्षात कारण म्हणता येत नाही, हा त्यामागील विचार.

एखाद्या कनिष्ठ माणसाच्या माथी संपूर्ण व्यवस्थेचे पाप मारू नये, ही या निर्णयांमागील दृष्टी निश्चितच न्याय्य होती. परंतु तिचा दुसरा परिणाम नजरेआड करता येत नाही. उत्पादन जितक्या जास्त हातांतून जाईल तितका प्रत्येक हात निर्दोष ठरत जातो. हातभट्टीचा धंदा नेमका असाच चालतो. रसायन आणणारा वेगळा, मिसळणारा वेगळा, फुग्यांतून वाहून नेणारा वेगळा आणि वस्तीत ग्लास भरून देणारा आणखी वेगळा.

अबकारी ते दारूबंदी : पुरवठादार कोण?

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात नशेच्या पदार्थांचा सर्वांत मोठा पुरवठादार खुद्द सरकारच होते. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने मद्यनिर्मिती सरकारी नियंत्रणाखाली आणली, गावोगावच्या भट्ट्या बंद केल्या आणि विक्रीचे मक्ते लिलावाने दिले. १८९२ च्या मोह अधिनियमाने काही भागांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना आपल्याच झाडाची फुले गोळा करणे हा अपराध होऊन बसला. महात्मा फुले यांनी १८८० च्या सुमारास पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांच्या वाढत्या संख्येविषयी जी तक्रार केली, तिचा रोख पिणाऱ्यावर नव्हता. परवाना देणाऱ्यावर होता. पुरवठादाराच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनात प्रथम या रूपाने उपस्थित झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अफूचीही हीच स्थिती. १८७८ च्या अफू अधिनियमानुसार परवानाधारक दुकानांतून अफू उघडपणे मिळे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी चारून निजवीत. मात्रा चुकून मूल दगावले तर दोष आईचा. दुकानदार परवानाधारक आणि सरकार महसुलाचे धनी. अफूविषयीच्या शाही आयोगाने १८९३ ते १८९५ या काळात मोठी चौकशी केली, पण या व्यापाराला धक्का लावला नाही.

मुंबईत पहिली दारूबंदी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने, १ ऑगस्ट १९३९ रोजी शहरात लागू झाली. मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झाल्याने ती टिकली नाही. १९४९ चा अधिनियम मात्र व्यापक होता. निर्मिती, वाहतूक, विक्री, बाळगणे आणि प्राशन या सर्व गोष्टी त्याने अपराध ठरविल्या. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनी मद्यार्कयुक्त पदार्थांबाबतच्या काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा कायदा वैध ठरविला. या निर्णयाने उघडी झालेली वाट धंदेवाईकांनी लगेच हेरली. टिंक्चर, फ्रेंच पॉलिश, रंगाचे स्पिरिट अशा वस्तू कायदेशीर मार्गाने बाजारात येत आणि बेकायदा मार्गाने पोटात जात. त्यावर सरकारने अशा पदार्थांसाठी नवी बंधने घातली, आणि धंद्याने नवे पदार्थ शोधले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दारूबंदी अधिनियमाखाली पिणारा हाही गुन्हेगार होता. कलम ६६ प्रमाणे रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडे. परिणामी विषारी दारू पिऊन ज्याची दृष्टी मंदावू लागली आहे अशा मजुराला रुग्णालयात जाणे म्हणजे पोलिसांच्या स्वाधीन होणे वाटे. मिथेनॉलच्या विषबाधेत वेळेला केवढे महत्त्व आहे हे पाहिले म्हणजे या भीतीची किंमत कळते. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृतात त्याचे प्रथम फॉर्मल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंना आणि पेशींच्या श्वसनाला मारते. या क्रियेला बारा ते चोवीस तास लागू शकतात. त्या वेळात उपचार झाले तर जीव व दृष्टी दोन्ही वाचण्याची शक्यता असते. रंग, वास आणि चव यांवरून मिथेनॉल आणि साधा मद्यार्क यांतील फरक पिणाऱ्याला ओळखता येत नाही. मिसळणाऱ्याला मात्र पिंपावरून तो ठाऊक असतो.

वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९६० च्या दशकात आणि नंतर १९७० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. परवान्यांची पद्धत आली. हातभट्टी मात्र गेली नाही, कारण परवान्याची दारू महाग होती. १९८१ मध्ये विधिमंडळाने झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्या विघातक कृत्यांना आळा घालणारा अधिनियम केला. 'एमपीडीए' या नावाने आज प्रत्येक पोलीस ठाण्यात परिचित असलेला हा कायदा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा आहे. दारूवाला आणि अमली पदार्थवाला यांना एका ओळीत बसविणारा हा राज्यातील पहिला महत्त्वाचा कायदा. परंतु तो पुढे होऊ शकणाऱ्या अपायाकडे पाहतो, होऊन गेलेल्या मृत्यूचा हिशेब मागत नाही.

जे. जे. रुग्णालय, १९८६

पुरवठादाराच्या जबाबदारीचा प्रश्न मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोहोचला तो एका सरकारी रुग्णालयातून. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. औषध म्हणून पुरविलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापाशी थांबण्याचे नाकारले. औषध खरेदीची पद्धत, अन्न व औषध प्रशासनातील अधिकारी, रुग्णालयातील गटबाजी आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप या सर्वांवर आयोगाने कठोर शब्दांत ठपका ठेवला. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

लेन्टिन अहवालाचे वैशिष्ट्य असे की, अंबालाल भट्ट खटल्यात ज्या अनेक हातांमुळे एकही दोषी ठरला नाही, त्याच अनेक हातांमुळे येथे सर्वच दोषी ठरले. अर्थात चौकशी आयोगाला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो आणि म्हणूनच कदाचित त्याला एवढे मोकळेपणाने बोलता येते. तरीही औषधांच्या बाबतीत कायदा या सुमारास बदलत होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात १९८२ मध्ये केलेल्या दुरुस्तीने भेसळयुक्त वा बनावट औषधामुळे मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली होती. २००८ च्या दुरुस्तीने किमान मर्यादा दहा वर्षांवर गेली आणि किमान दहा लाख रुपयांचा दंड आला. हे कलम केवळ निर्मात्याला लागू नाही. विकणारा, साठविणारा, वितरित करणारा या सर्वांना ते लागू आहे, आणि मृत्यूचा परिणाम कलमातच लिहिलेला आहे.

विक्रोळी आणि मालवणी

डिसेंबर २००४ च्या अखेरीस विक्रोळीच्या वस्त्यांत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात बळींची संख्या शंभरावर गेली. दोन्ही ठिकाणी मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. मालवणीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तपास केला आणि मिथेनॉल गुजरातमधून आल्याचे सांगितले. सुमारे नऊ वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौदा आरोपींपैकी चौघांना सदोष मनुष्यवध व गुन्हेगारी कट यांबद्दल दोषी ठरविले आणि दहाजणांची पुराव्याअभावी मुक्तता केली. दोषींना दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

या निकालाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर येथे ३०४-अ या निष्काळजीपणाच्या कलमाऐवजी ३०४ च्या दुसऱ्या भागाचा आधार घेतला गेला. म्हणजे विक्रेता निष्काळजी होता असे न म्हणता, त्याला परिणामाची जाणीव होती असे मानले गेले. १९०२ पासून ज्या 'साक्षात कारणा'च्या प्रश्नात पुरवठादार निसटत होता, त्याला बगल देऊन न्यायालय त्याच्या मनात काय होते या प्रश्नाकडे वळले. मिथेनॉल हे विष आहे हे ठाऊक असून ते पेय म्हणून विकणारा मनुष्य, ग्लास दुसऱ्याने भरला आणि तिसऱ्याने प्याला या सबबीवर सुटू शकत नाही. कारण पिणारा निष्काळजी नव्हता, तो फसविला गेला होता. फसविला गेलेल्या माणसाच्या कृतीने साखळी तुटत नाही.

दुसरी बाब चिंतेची. शंभराहून अधिक मृत्यूंच्या प्रकरणात दहाजण सुटतात तेव्हा तपासाची साखळी कोठे तुटली हे विचारावेच लागते. जाणीव सिद्ध करण्यासाठी पिंप कोणी विकले, कोणत्या कागदावर, कशासाठी म्हणून, हे सिद्ध करावे लागते. मिथेनॉल हे रंग, प्लायवूड, औषधे अशा अनेक उद्योगांचा कच्चा माल आहे. त्याचा व्यापार स्वतःच गुन्हा नाही. उद्योगासाठी आलेले रसायन वस्तीकडे वळते त्या वळणावरची नोंदवही कच्ची असते, आणि सरकारी अंमलदारांना ती तपासण्याची आठवण बहुधा माणसे मेल्यानंतर होते.

केरळने याबाबत वेगळा मार्ग पत्करला. १९८२ च्या ओणमच्या दिवशी वैपिन बेटावर विषारी दारूने सत्तराहून अधिक माणसे दगावली आणि कित्येकांची दृष्टी गेली. त्यानंतर १९८४ मध्ये केरळच्या अबकारी अधिनियमात कलम ५७-अ घालण्यात आले. दारूत अपायकारक पदार्थ मिसळल्याने मृत्यू झाल्यास जन्मठेप वा फाशी, आणि आपण मिसळ केली नाही हे दाखविण्याचा भार आरोपीवर, अशी ही तरतूद. ऑक्टोबर २००० मधील कल्लुवातुक्कल दुर्घटनेत एकतीसजण मेले. मुख्य पुरवठादार मणिचन याची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. तो २०२२ मध्ये सुटला. गुजरातनेही जुलै २००९ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर, ज्यात शंभराहून कितीतरी अधिक बळी गेले, मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या आपल्या आवृत्तीत फाशीपर्यंतची शिक्षा आणली. मात्र जुलै २०२२ मध्ये त्याच राज्यात बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे पुन्हा मिथेनॉलनेच मेली. फाशीची तरतूद पुस्तकात होती; पिंप बाहेर कसे आले हा प्रश्न होता तेथेच राहिला.

अमली पदार्थ : वजनाचा कायदा

नोव्हेंबर १९८५ मध्ये अमलात आलेल्या गुंगीकारक औषधीद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने १८७८ चा अफू अधिनियम आणि १९३० चा घातक औषधी अधिनियम रद्द केले. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत ब्राऊन शुगरने धुमाकूळ घातला होता आणि कठोर कायद्याची गरज सर्वमान्य होती. २००१ च्या दुरुस्तीपासून या कायद्याची शिक्षा 'अल्प' व 'व्यापारी' अशा प्रमाणांवर ठरते. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अनुसूचीत आले. त्याचे अल्प प्रमाण दोन ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम. व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. पुन्हा अपराध करणाऱ्यास कलम ३१-अ खाली पूर्वी फाशी बंधनकारक होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ती बंधनकारक नसल्याचा अर्थ लावला आणि २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली.

एवढ्या कठोर कायद्यात सेवन करणाऱ्याच्या मृत्यूबद्दल पुरवठादाराला अधिक शिक्षा देणारे कलम नाही. पन्नास किलो माल पकडला गेला आणि त्याने कोणी मेले नाही, तर वीस वर्षे. एका ग्रॅमने एक तरुण मेला आणि माल पकडला गेला नाही, तर या कायद्याखाली जवळजवळ काहीच नाही. मग पुन्हा दंड संहितेकडे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेकडे वळावे लागते. नव्या संहितेत सदोष मनुष्यवध कलम १०५ मध्ये, निष्काळजीपणाने मृत्यू कलम १०६ मध्ये आणि विष वा गुंगीकारक पदार्थ देणे कलम १२३ मध्ये आले आहे. निष्काळजीपणाची शिक्षा दोनऐवजी पाच वर्षे झाली, एवढाच मोठा फरक.

सहमतीचा प्रश्न

मालवणीचा मजूर फसविला गेला होता. एमडी घेणारा तरुण मात्र आपण काय घेत आहोत हे जाणतो. तो स्वतः विकत घेतो, स्वतः ओढतो. मग त्याच्या मृत्यूची जबाबदारी विक्रेत्यावर कशी टाकावी? हा प्रश्न इंग्लंडच्या उमरावांच्या सभेने २००७ मध्ये केनेडी खटल्यात सोडविला. हेरॉइनची भरलेली सिरिंज हातात देणारा, ती घेणारी प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने स्वतः टोचून घेत असेल, तर तिच्या मृत्यूबद्दल मनुष्यवधाचा दोषी नाही, असा तो निर्णय. जेन्किन्स यांच्या १९०२ च्या कसोटीशी त्याचे नाते सहज ओळखू येते. पुढे २००९ मध्ये ईव्हान्स खटल्यात त्याला एक मुरड पडली. पुरवठा करून धोकादायक परिस्थिती निर्माण करणाऱ्याने समोरची व्यक्ती कोसळलेली पाहून मदत बोलाविली नाही, तर तो दोषी ठरतो.

अमेरिकेने उलट टोक गाठले. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघराज्यीय कायद्याने पुरवठ्यातून मृत्यू घडल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा ठरविली. हेतू वा जाणीव सिद्ध करण्याचीही आवश्यकता उरली नाही. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बरेज खटल्यात एवढी अट घातली की, पुरविलेल्या पदार्थाशिवाय मृत्यू झाला नसता हे दाखविले पाहिजे. अनेक पदार्थ पोटात असताना त्यांपैकी एकाचा केवळ हातभार लागला हे पुरेसे नाही. या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांत मोठे व्यापारी थोडे आणि मृताबरोबर नशा करणारे मित्र, जोडीदार, नातलग पुष्कळ, ही टीका तेथे सातत्याने होत आली आहे.

मराठी मुलुखाच्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये अंजुना किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोघा आरोपींची मुक्तता केली. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला अमली पदार्थ देणे आणि सदोष मनुष्यवध यांसह अनेक अपराधांबद्दल दहा वर्षे सक्तमजुरी दिली. येथे पुरवठा एकटा नव्हता. मुलगी अज्ञान होती आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता. तथापि नशेचा पदार्थ देणाऱ्या हाताला मृत्यूपर्यंत नेऊन भिडविणारा हा या उच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय होय.

या तिन्ही वाटा तपासल्यावर महाराष्ट्राच्या अनुभवाला मालवणीचा निकष, म्हणजे जाणिवेचा निकष, अधिक जवळचा वाटतो. एमडीचा खरेदीदार सहमती देतो ती एमडीला. त्यात आणखी काय मिसळले आहे आणि त्याचे प्रमाण काय, याला त्याची सहमती नसते, कारण त्याला ते माहीतच नसते. ते माहीत असते ते भट्टी लावणाऱ्याला. म्हणून ढोलगरवाडी किंवा इरळी येथे रसायन एकत्र करणारा हात आणि विक्रोळीत पिंप ओतणारा हात यांत कायद्याने जेवढे अंतर ठेवले आहे तेवढे ते असण्याचे कारण दिसत नाही. उलट दोन ग्रॅम विकत घेऊन मित्राबरोबर वाटून घेणारा विद्यार्थी आणि तो कारखानदार यांना मृत्यूच्या एकाच कलमात बसविणे हे अमेरिकेची चूक आयात करण्यासारखे होईल.

येथे पुराव्याचा व्यवहारी प्रश्न पुन्हा उभा राहतो. संशयित मृत्यूत व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठविला जातो. छाप्यात सापडलेल्या मालाचा नमुनाही प्रयोगशाळेतच जातो. हे दोन अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे कोणत्याही नियमात स्पष्ट नाही. एका अहवालाचा संबंध अकस्मात मृत्यूच्या नोंदीशी, दुसऱ्याचा दोषारोपपत्राशी. आणि बहुधा पोलीस ठाणी वेगळी, कित्येकदा जिल्हे वेगळे.

राहिला तो कोसळलेल्या मित्राजवळ बसलेला दुसरा तरुण. १९८५ च्या अधिनियमाचे कलम ६४-अ उपचार घेण्यास स्वतःहून तयार होणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रस्त्यावरील अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्या माणसाला संरक्षण मिळाले आहे. परंतु नशेने निळ्या पडत चाललेल्या सोबत्यासाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करणाऱ्याच्या बाबतीत अमली पदार्थविषयक कायदा काहीही बोलत नाही. १९४९ च्या कायद्याखाली रुग्णालयाच्या दारात पोलिसाला पाहून माघारी फिरणारा मजूर जसा होता, त्याच जागी आज हा तरुण उभा आहे.